टोपोलॉजिकल सेमीमेटलमध्ये सुपरकंडक्टिव्हिटी उतरवायची कशी, आणि ती खरंच उतरलीय का हे तपासायचं कसं

टोपोलॉजिकल सेमीमेटलच्या (मेटल आणि सेमीकंडक्टरच्या मधला, इलेक्ट्रॉनच्या पट्ट्यांची खास रचना असलेला पदार्थ) क्रिस्टलवर सुपरकंडक्टर (पुरेसा थंड केला की शून्य रेझिस्टन्सने करंट वाहू देणारा पदार्थ) टाकला, थंड केलं, रेझिस्टन्स खाली आला, की लोक लगेच ग्राफ काढायला बसतात. पण इथपर्यंत पोचणं आता फार अवघड राहिलेलं नाही. अवघड आहे ते त्यानंतरचं, म्हणजे ही सुपरकंडक्टिव्हिटी खरंच सेमीमेटलच्या आत शिरलीय, की मधल्या थरात तिसरंच काहीतरी कंपाउंड तयार झालंय आणि तेच सुपरकंडक्ट करतंय, हे ओळखणं. त्यामुळे खाली जी काही कृती लिहिलीय ती सगळी याच शंकेभोवती फिरते, आणि काही ठिकाणी मी नुसत्या कृतीपेक्षा शंकेवरच जास्त वेळ घालवलाय, तर तेवढं चालवून घ्या.

आधी होतं काय ते समजून घेऊ

सुपरकंडक्टर आणि साधा मेटल एकमेकांना नीट चिकटले तर मेटलमध्येही थोड्या अंतरापर्यंत सुपरकंडक्टिव्हिटी येते, हे १९३२ पासून माहितीय. याला प्रॉक्सिमिटी इफेक्ट म्हणतात. आतली यंत्रणा म्हणजे आंद्रेयेव्ह रिफ्लेक्शन, ते १९६४ चं. मेटलमधून आलेल्या इलेक्ट्रॉनची एनर्जी सुपरकंडक्टरच्या गॅपपेक्षा (एकट्या इलेक्ट्रॉनला आत जागाच नसलेल्या एनर्जीच्या पट्ट्यापेक्षा) कमी असेल तर तो एकटा आत जाऊच शकत नाही, मग तो एक जोडीदार ओढून घेतो, जोडी आत जाते आणि मेटलमध्ये एक होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) आल्या वाटेने उलटा परत येतो. हा इलेक्ट्रॉन आणि तो होल जितक्या अंतरापर्यंत एकमेकांशी फेज राखून असतात तितक्या अंतरापर्यंत तुमच्या मेटलमध्ये सुपरकंडक्टिव्हिटी आहे असं समजा.

डिरॅक आणि वाइल सेमीमेटलमध्ये (टोपोलॉजिकल सेमीमेटलचे दोन प्रकार) याचं एवढं कौतुक का, तर तिथले इलेक्ट्रॉन साधे नसतात, त्यांचा स्पिन आणि मोमेंटम बांधलेले असतात, पृष्ठभागावर फर्मी आर्क (फक्त पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉन स्टेट) असतात, काहींमध्ये कडांवर हिंज स्टेट (फक्त कडेने वाहणाऱ्या स्टेट) असतात. साधी एस-वेव्ह जोडी (नेहमीच्या सुपरकंडक्टरमधली, सगळ्या दिशांना सारखी) यांच्यात उतरवली तर तिच्यातून टोपोलॉजिकल सुपरकंडक्टिव्हिटी आणि मायोराना स्टेट (स्वतःच स्वतःचा अँटिपार्टिकल असलेली स्टेट) मिळतील अशी थिअरीची आशा आहे. टोपोलॉजिकल इन्सुलेटरच्या (आत इन्सुलेटर, पृष्ठभागावर कंडक्टर) पृष्ठभागासाठी ही कल्पना फू आणि केन या थिअरिस्टनी २००८ मध्ये मांडली आणि नंतर ती सेमीमेटलकडेही आली.

पायरी १: मटेरियल निवडा, पण त्याच्या केमिस्ट्रीकडे बघून

बहुतेक जण बँड स्ट्रक्चर (इलेक्ट्रॉनच्या एनर्जीच्या पट्ट्यांची रचना) बघून मटेरियल ठरवतात. ते बघाच, पण त्याच वेळी हा क्रिस्टल तुमच्या सुपरकंडक्टरशी काय रिअ‍ॅक्शन करेल तेही बघा, कारण पुढची निम्मी डोकेदुखी तिथूनच येते.

कॅडमियम आर्सेनाइड हा डिरॅक सेमीमेटल सुरुवातीला सगळ्यात सोयीचा: हवेत बऱ्यापैकी टिकतो, मोबिलिटी (इलेक्ट्रॉन किती सहज सरकतात ते) प्रचंड, नॅनोवायर आणि नॅनोप्लेट मिळतात, पातळ फिल्मही वाढवता येते. सोडियम बिस्मथाइड थिअरीत सुंदर आहे पण हवा लागली की संपला, त्यामुळे सगळं काम व्हॅक्यूममध्येच करता येत नसेल तर त्याच्या नादी लागू नका. टँटलम आर्सेनाइड, नायोबियम आर्सेनाइड ही वाइल मंडळी कडक क्रिस्टल, टेप लावून त्यांचे फ्लेक काढणं जमत नाही, पॉलिश करा किंवा आयन बीमने कापा. टंगस्टन डायटेल्युराइड आणि मॉलिब्डेनम डायटेल्युराइड थराथरांचे आहेत, टेपने सोलून फ्लेक काढता येतात, पण पातळ फ्लेक हवेत ऑक्सिडाइज होतात म्हणून ग्लोव्हबॉक्स (आत हवा नसलेली, हातमोज्यांतून काम करायची पेटी) लागतो. आणि मॉलिब्डेनम डायटेल्युराइड स्वतःच ०.१ केल्विनच्या आसपास सुपरकंडक्ट करतो, तेव्हा त्यावर प्रॉक्सिमिटी करताना स्वतःची किती आणि उसनी किती हा हिशोब वेगळा ठेवावा लागतो.

मॅग्नेटिक वाइल सेमीमेटल घेणार असाल तर एक गोष्ट आधीच माहिती हवी. साध्या जोडीत विरुद्ध मोमेंटमचे दोन इलेक्ट्रॉन लागतात. टाइम-रिव्हर्सल सिमेट्री (मॅग्नेटिझम आला की मोडते ती) शाबूत असेल तर ते दोघं एकाच कायरॅलिटीच्या (डावं की उजवं वळण) नोडमधून (बँड जिथे एकमेकांना भेटतात तो बिंदू) येतात आणि जोडी जमते. मॅग्नेटिक मटेरियलमध्ये समोरचा नोड उलट कायरॅलिटीचा पडतो आणि आंद्रेयेव्ह रिफ्लेक्शनच अडतं, याला कायरॅलिटी ब्लॉकेड म्हणतात. म्हणजे तिथे सिग्नल कमजोर आला तर लगेच इंटरफेसला शिव्या देऊ नका, खुद्द फिजिक्सच आडवं आलेलं असू शकतं.

आणि सेफ्टी, थोडक्यात पण गंभीरपणे: कॅडमियम आणि आर्सेनिक दोन्ही विषारी आहेत. आर्सेनाइडवर अ‍ॅसिड टाकलं तर आर्साइन गॅस सुटू शकतो, म्हणून "जरा अ‍ॅसिडमध्ये बुडवून ऑक्साइड काढू" हा प्रकार मनाने करायचा नाही. क्रिस्टल क्लीव्ह करताना (फोडताना), कापताना उडणारी धूळसुद्धा हुडमध्येच राहिली पाहिजे.

पायरी २: सुपरकंडक्टर आणि जंक्शनची लांबी, आधी कागदावर

डिझाइन काढण्याआधी दहा मिनिटं बसून एक आकडा काढा. इलेक्ट्रॉन न धडकता जात असतील तर कोहेरन्स लेंग्थ (मघाचं फेज राखण्याचं अंतर) म्हणजे एच-बार (प्लँक कॉन्स्टंट भागिले दोन π) गुणिले फर्मी वेग (करंट वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनचा वेग), आणि त्याला पाय (π) गुणिले गॅपने भागायचं. कॅडमियम आर्सेनाइडसाठी फर्मी वेग सेकंदाला १० लाख मीटर धरा. अ‍ॅल्युमिनियमचा गॅप साधारण ०.१८ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे लांबी येते १.२ मायक्रॉनच्या आसपास. नायोबियमचा गॅप १.४ धरला तर तीच लांबी १५० नॅनोमीटर. याचा अर्थ नायोबियम वाईट असा नाही, अर्थ एवढाच की तुमचं ३०० नॅनोमीटरचं जंक्शन (दोन सुपरकंडक्टर इलेक्ट्रोड आणि त्यांच्या मधली सेमीमेटलची फट) अ‍ॅल्युमिनियमबरोबर शॉर्ट आहे आणि नायोबियमबरोबर लाँग, आणि दोन्हीचे फॉर्म्युले वेगळे लागतात.

दुसरी लांबी तापमानाची: एच-बार गुणिले फर्मी वेग, भागिले दोन पाय गुणिले बोल्ट्झमन कॉन्स्टंट गुणिले तापमान. त्याच वेगाला १ केल्विनवर ही १.२ मायक्रॉन येते आणि ४.२ केल्विनवर फक्त ०.३ मायक्रॉन. म्हणजे नुसत्या लिक्विड हेलियमवर काम भागवायचं असेल तर लांब जंक्शन विसरा. आणि हे सगळं इलेक्ट्रॉन सरळ जातात असं धरून. मीन फ्री पाथ (इलेक्ट्रॉनच्या दोन धडकांमधलं अंतर) याहून लहान असेल तर डिफ्यूजनचा फॉर्म्युला लावा, आकडे आणखी खाली येतात.

निवडीबद्दल माझं मत असं. अ‍ॅल्युमिनियम: सॉफ्ट, इव्हॅपोरेट करायला सोपं, इंटरफेस चांगला देतो, पण १.२ केल्विनच्या खालीच चालतो आणि फील्ड फारसं सोसत नाही. नायोबियम: ९.२ केल्विन, फील्ड सोसतो, पण स्पटर (प्लाझ्माने अणू उडवून बसवणं) करावा लागतो आणि त्या प्लाझ्माने पृष्ठभाग खराब होऊ शकतो. मॉलिब्डेनम-रेनियम हा चांगला मधला मार्ग. थराथरांच्या सेमीमेटलसाठी नायोबियम डायसेलेनाइड (७.२ केल्विन) नुसता वर ठेवायचा, काही इव्हॅपोरेट करायचं नाही, स्पटर करायचं नाही. मोनोलेयर टंगस्टन डायटेल्युराइडच्या कडेच्या स्टेटमध्ये प्रॉक्सिमिटी गॅप दिसला तो याच पद्धतीने. पहिल्यांदाच करत असाल तर कॅडमियम आर्सेनाइड आणि अ‍ॅल्युमिनियम ही जोडी घ्या, मग पुढे बघा.

पायरी ३: फ्लेक ते डिव्हाइस

फ्लेक साधारण ५० ते १०० नॅनोमीटर जाडीचा घ्या, फार जाड घेतलात तर बल्कमधून एवढा करंट जातो की पृष्ठभागाचं काहीच वेगळं दिसत नाही. जाडी एएफएमने (सुईने पृष्ठभागाची उंची मोजणारा मायक्रोस्कोप) मोजा, नुसत्या रंगावर जाऊ नका.

रेझिस्ट (लिथोग्राफीत नमुना काढायचा पॉलिमरचा थर) लावून बेक करताना तापमान कमी ठेवा. पीएमएमए हा रेझिस्ट नेहमी १८० डिग्रीला बेक करतात पण टेल्युराइडसाठी १२० च्या आसपास जास्त वेळ ठेवलेलं बरं, जास्त तापवलं की टेल्युरियम हलायला लागतो. जंक्शनची लांबी एकच ठेवू नका, त्याच फ्लेकवर १५०, ३००, ५००, ८०० नॅनोमीटर अशी मालिका काढा. जागा कमी पडते, लिथोग्राफी किचकट होते, मान्य, पण ही मालिका नसेल तर शेवटी वाद मिटवायला तुमच्या हातात काही राहत नाही.

एक साधी गोष्ट जी बरेचदा राहून जाते: फिल्म फ्लेकच्या जाडीपेक्षा जास्त हवी. ८० नॅनोमीटर फ्लेकवर ६० नॅनोमीटर अ‍ॅल्युमिनियम टाकलं तर ते कडेवर चढतानाच तुटतं आणि मग तुम्ही दोन दिवस फ्रिजमध्ये ओपन सर्किट शोधत बसता.

पायरी ४: इंटरफेस, खरा खेळ इथे

पृष्ठभागावर ऑक्साइड आणि रेझिस्टचा चिकट थर असतो, तो काढल्याशिवाय आंद्रेयेव्ह रिफ्लेक्शन मिळत नाही. उपाय म्हणजे मेटल टाकायच्या त्याच चेंबरमध्ये आर्गॉन आयनांनी हलकं खरवडणं आणि व्हॅक्यूम न मोडता लगेच मेटल टाकणं. लगेच म्हणजे लगेच. व्होल्टेज काही शे व्होल्टच्या आत ठेवा, वेळ कमी ठेवा, आणि आधी एका फालतू तुकड्यावर किती नॅनोमीटर जातंय ते मोजून घ्या.

आता यातला सापळा. आयन मारले की हलके किंवा सैल बसलेले अणू आधी उडतात. नायोबियम आर्सेनाइडवर आयन मारले की आर्सेनिक आधी जातं, नायोबियम मागे राहतं, आणि तो नायोबियमने भरलेला थर ३.५ केल्विनला स्वतःच सुपरकंडक्ट करायला लागतो. हे २०१७ मध्ये व्यवस्थित दाखवलं गेलं, आणि गंमत म्हणजे तिथे हाच दोष मुद्दाम वापरला, क्रिस्टलमधूनच उगवलेला सुपरकंडक्टर असल्यामुळे कॉन्टॅक्ट एकदम छान मिळतो अशी त्यामागची कल्पना. पण तुम्ही तसं ठरवलेलं नसताना तुमच्याकडे हे झालं तर तुमचा सुपरकंडक्टर कुठे संपतो आणि सेमीमेटल कुठे सुरू होतो हेच तुम्हाला माहिती नाही. टँटलम आर्सेनाइडच्या बाबतीतही ही शंका मनात ठेवा.

दुसरा प्रकार पॅलेडियमचा. पॅलेडियम सुपरकंडक्टर नाही, पण टंगस्टन डायटेल्युराइडवर टाकला तर आत झिरपतो, टेल्युरियमशी संयोग करतो आणि जो थर बनतो तो साधारण १.२ केल्विनला सुपरकंडक्ट करतो. यातून फार पारदर्शक (इलेक्ट्रॉन इंटरफेसवर न अडता जाणारी) जोसेफसन जंक्शन बनवलेली आहेत, म्हणजे उपयोगाची गोष्ट आहे. पण एखाद्याने "नॉर्मल" कॉन्टॅक्ट म्हणून पॅलेडियम लावला आणि रेझिस्टन्स पडलेला बघून टंगस्टन डायटेल्युराइड स्वतःहून सुपरकंडक्ट झाला असं म्हटलं, तर काय होईल बघा. आणि थर आडवाही झिरपतो, म्हणजे तुम्ही काढलेलं ५०० नॅनोमीटरचं जंक्शन प्रत्यक्षात त्याहून छोटं असतं.

असेच चकवे इतर ठिकाणीही दबा धरून आहेत: इंडियम लावलं असेल तर ३.४ केल्विनला उडी दिसते, टिन-लेड सोल्डर ७ केल्विनच्या आसपास, अ‍ॅल्युमिनियमची बाँड वायर १.२ ला, आणि आयन बीमने टाकलेला टंगस्टन ५ केल्विनच्या जवळपास. यापैकी एखादा आकडा तुमच्या ग्राफवर दिसला तर आधी वायरिंगवर संशय घ्या.

हे सगळं टाळायचा सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे सेमीमेटलची फिल्म वाढवून झाल्यावर त्याच व्हॅक्यूममध्ये वरून अ‍ॅल्युमिनियम वाढवणं, खरवडायची गरजच नाही. पण त्याला एमबीई (व्हॅक्यूममध्ये अणूंचा एकेक थर वाढवणारं) मशीन लागतं आणि ते प्रत्येकाकडे नसतं. थरांचं मटेरियल असेल तर ग्लोव्हबॉक्समध्ये सोलून लगेच नायोबियम डायसेलेनाइडवर ठेवा आणि वरून बोरॉन नायट्राइडने झाकून टाका.

नाकारायची सॅम्पलं, त्याच दिवशी

मेन डिव्हाइस बनवताना त्याच बॅचमध्ये ही पण बनवा. एक, सगळी प्रोसेस केलेला पण सुपरकंडक्टर न टाकलेला फ्लेक, म्हणजे आर्गॉन मारलेला, सोन्याचे कॉन्टॅक्ट असलेला. हा सुपरकंडक्ट झाला तर तुमचा दावा तिथेच संपला. दोन, नुसती सुपरकंडक्टरची पट्टी, तिचं टीसी (सुपरकंडक्ट व्हायचं तापमान) आणि क्रिटिकल फील्ड मोजायला. तीन, जमलं तर टोपोलॉजिकल नसलेल्या पण केमिस्ट्रीने जवळच्या मटेरियलवर तेच जंक्शन. तिसरं कुणी करत नाही, आणि तेच सगळ्यात जास्त बोलतं.

पायरी ५: थंड करणं

डायल्यूशन फ्रिजचं (मिलीकेल्विनपर्यंत थंड करणाऱ्या यंत्राचं) थर्मामीटर १० मिलीकेल्विन दाखवतं म्हणून तुमचे इलेक्ट्रॉन १० मिलीकेल्विनला आहेत असं नाही. बाहेरून येणारा इलेक्ट्रिकल नॉइज वायरींमधून खाली उतरतो आणि इलेक्ट्रॉन १०० मिलीकेल्विनला अडकून बसतात. खोलीच्या तापमानाला पाय फिल्टर, खाली आरसी आणि कॉपर पावडर फिल्टर, एवढं तरी हवंच. १०० मिलीकेल्विनची थर्मल एनर्जी व्होल्टेजमध्ये धरली तर ८.६ मायक्रोव्होल्ट, तेव्हा लॉक-इनचं (लहान सिग्नल मोजणाऱ्या अॅम्प्लिफायरचं) एक्साइटेशन त्याहून बरंच कमी ठेवा, नाहीतर तुम्ही स्वतःच पीक पसरवताय.

पायरी ६: मोजायचं काय आणि त्यावर विश्वास किती

पहिलं, चार वायरींनी करंट-व्होल्टेज. सुपरकरंट दिसला तर क्रिटिकल करंट (रेझिस्टन्सशिवाय वाहू शकणारा जास्तीत जास्त करंट) गुणिले नॉर्मल रेझिस्टन्स काढा आणि गॅपशी तुलना करा. शॉर्ट आणि पारदर्शक जंक्शनला हा आकडा गॅपच्या ऑर्डरचा यायला हवा. दहापट कमी आला तर इंटरफेस खराब, किंवा बल्कचा एखादा रस्ता नुसता रेझिस्टन्स कमी करतोय आणि सुपरकरंटला काही मदत करत नाहीये. जास्त व्होल्टेजला रेष सरळ करून मागे ताणली तर शून्य व्होल्टेजला जो एक्सेस करंट उरतो तो आंद्रेयेव्ह रिफ्लेक्शनचा पुरावा, आणि त्यावरून पारदर्शकता काढता येते. गॅपच्या दुप्पट भागिले पूर्णांक अशा व्होल्टेजला खाचा दिसल्या तर ते मल्टिपल आंद्रेयेव्ह रिफ्लेक्शन. या खाचा तापमानाबरोबर गॅपसारख्याच सरकल्या पाहिजेत, नाही सरकल्या तर त्या दुसऱ्याच कशाच्या आहेत.

करंट वाढवताना आणि कमी करताना वेगळी रेष आली तर ते डॅम्पिंगचं असू शकतं किंवा नुसतं जंक्शन तापल्यामुळे. अशा लहान डिव्हाइसमध्ये बरेचदा तापण्याचंच असतं.

दुसरं, मॅग्नेटिक फील्ड. जंक्शनला लंब फील्ड लावा आणि क्रिटिकल करंटचा फ्राउनहोफर पॅटर्न (फील्डबरोबर लोब-लोब वरखाली होणारा) घ्या. ०.३ मायक्रॉन लांब आणि २ मायक्रॉन रुंद जंक्शनला एक फ्लक्स क्वांटम (सुपरकंडक्टरमधलं मॅग्नेटिक फ्लक्सचं एकक) म्हणजे सुमारे ३.४ मिलीटेस्ला. प्रत्यक्षात पिरियड याहून कमी येतो कारण इलेक्ट्रोडमध्येही फील्ड थोडं शिरतं आणि इलेक्ट्रोड फील्ड ढकलून जंक्शनमध्ये गोळा करतात, हे दोन्ही हिशोबात धरा. मॅग्नेटमध्ये अडकून राहिलेलं फील्डसुद्धा काही मिलीटेस्ला असू शकतं, म्हणून दोन्ही दिशांनी स्वीप करा.

मधला लोब मोठा आणि बाजूचे पटकन विझणारे असतील तर करंट सगळ्या रुंदीत पसरलेला आहे. सगळे लोब जवळपास सारखे, स्क्विडसारखे (दोन समांतर जंक्शनच्या लूपसारखे) दिसले तर करंट कडांवर आहे, आणि इथेच लोक हिंज स्टेट म्हणून उड्या मारतात. थांबा. सुपरकंडक्टर फ्लेकच्या कडेवरून खाली उतरतो तेव्हा कडेला कॉन्टॅक्ट मधल्यापेक्षा चांगला असू शकतो आणि तेवढ्यानेही असाच पॅटर्न येतो. रुंदी बदलून बघा, क्रिस्टलची दिशा बदलून बघा.

तिसरं, शॅपिरो स्टेप. मायक्रोवेव्ह मारली की करंट-व्होल्टेजमध्ये पायऱ्या येतात, ५ गिगाहर्ट्झला १०.३ मायक्रोव्होल्टच्या अंतराने. ४-पाय (४π) सुपरकरंट (फेज नेहमीच्या दुप्पट फिरल्यावर परत तिथेच येणारा, मायोरानाचं अपेक्षित लक्षण) असेल तर विषम पायऱ्या गायब होतात आणि अंतर दुप्पट होतं. बिस्मथ-अँटिमनी आणि कॅडमियम आर्सेनाइड दोन्हींमध्ये २०१८ मध्ये असे रिझल्ट आले. पण पहिली पायरी गायब होणं हे टोपोलॉजीचंच लक्षण आहे असं नाही. जंक्शन खूप पारदर्शक असेल तर लँडाउ-झेनर उडीमुळे (इलेक्ट्रॉन एका एनर्जी पातळीवरून दुसरीवर उडी मारतो त्यामुळे) साध्या जंक्शनमध्येही पहिली पायरी जाते, हे २०२१ मध्ये इंडियम आर्सेनाइडवर दाखवलेलं आहे. हिस्टेरेसिसही (मघाची वाढवताना-कमी करताना वेगळी येणारी रेष) ती पायरी झाकू शकतो. म्हणून फ्रिक्वेन्सी, पॉवर, तापमान तिन्ही बदलून पूर्ण नकाशा घ्या, एका सुंदर कर्ववर काही ठरवू नका. झिरो-बायस पीकचंही (शून्य व्होल्टेजला दिसणारं, मायोरानाचं समजलं जाणारं कंडक्टन्सचं टोक) तसंच. नॅनोवायरमधल्या मायोरानाचा २०१८ चा गाजलेला पेपर २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला, हे या क्षेत्रातल्या सगळ्यांना पाठ आहे.

टिप टेकवून केलं तर?

नुसती धातूची टोकदार सुई क्रिस्टलवर टेकवायची हा एक झटपट मार्ग आहे. मोहाली आणि पेकिंगच्या गटांनी कॅडमियम आर्सेनाइडवर असं करून टिपखाली सुपरकंडक्टिव्हिटी दाखवली, आणि सुई स्वतः सुपरकंडक्टर नव्हती. नंतर टँटलम आर्सेनाइडवरही दिसली. सुरुवातीच्या चाचणीसाठी पद्धत मस्त आहे, लिथोग्राफी नको, काही नको. पण ही प्रॉक्सिमिटी नव्हे, आणि टिपखाली दाब किती असतो ते कुणी मोजलेलं नसतं. कॅडमियम आर्सेनाइड मोठ्या दाबाखाली, ८.५ गिगापास्कलच्या आसपास, स्वतःच सुपरकंडक्ट होतो, म्हणजे दाबाचा वाटा वेगळा काढणं अवघडच. शिवाय कॉन्टॅक्ट मोठा असेल तर क्रिटिकल करंट ओलांडल्यामुळे कंडक्टन्समध्ये ज्या खाचा येतात त्या गॅपसारख्या दिसतात. कॉन्टॅक्टचा रेझिस्टन्स बदलून बघा: खाचांची व्होल्टेज बदलली तर तो गॅप नव्हे.

शेवटी तोच फ्लेक कापा

मोजमाप संपल्यावर डिव्हाइस डब्यात टाकू नका. इंटरफेसमधून पातळ काप काढा, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघा आणि प्रत्येक एलिमेंटचा नकाशा घ्या: आर्सेनिक किती खोलपर्यंत कमी झालंय, टेल्युरियम मेटलमध्ये चढलाय का, मधला अस्ताव्यस्त थर किती नॅनोमीटर आहे. मग लांबीच्या मालिकेतल्या प्रत्येक जंक्शनची खरी लांबी या कापावरून दुरुस्त करा आणि क्रिटिकल करंट लांबीबरोबर आणि तापमानाबरोबर कसा उतरतो ते पुन्हा काढा. तो उतार सेमीमेटलच्या फर्मी वेगाशी आणि मीन फ्री पाथशी जुळला तर सुपरकरंट त्याच्यातून गेलाय असं म्हणायला जागा आहे. उतार जुळला नाही, किंवा लांबी दुप्पट केली तरी करंट फारसा हललाच नाही, तर कापाच्या फोटोत पृष्ठभागालगतचा थर इलेक्ट्रोडच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सलग पोचलाय का ते आधी शोधा.